राजाची चित्रं आणि माझी एक्सेल शीट

2018 साली एका शनिवारी लंडनच्या रॉयल अकॅडमीत 'चार्ल्स द फर्स्ट: किंग अँड कलेक्टर' हे प्रदर्शन पाहून आलो. मी कोड लिहिणारा माणूस, चित्रांमधलं मला फार कळत नाही, तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्या.

हा पहिला चार्ल्स 1623 साली, राजपुत्र असताना, लग्न जुळवायला माद्रिदला गेला. लग्न काही जमलं नाही, पण तिथली चित्रं बघून गडी वेडा झाला. पुढे राजा झाल्यावर त्याने इटलीतल्या मांटुआच्या गोन्झागा घराण्याच्या संग्रहाचा मोठा भाग विकत घेतला. मग पार्लमेंटशी युद्ध झालं, 1649 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला आणि संग्रह विक्रीला निघाला. त्यातली साधारण 140 कामं इथे पुन्हा एकत्र आणली होती.

मान्तेन्याची सीझरच्या विजययात्रेची नऊ चित्रं एका दालनात होती. काय ती भव्यता! ती क्रॉमवेलने विकलीच नाहीत. तिशियनचं कुत्र्यासोबतचं पाचव्या चार्ल्सचं चित्र माद्रिदच्या प्रादोतून आलं होतं. स्पेनच्या राजाने भेट दिलेलं, विक्रीत परत स्पेनलाच गेलं.

पण मी अडकलो ते दुसऱ्याच गोष्टीत. विक्रीआधी सगळ्या वस्तूंची यादी झाली होती, पुढे किंमत. राजाने थकवलेली देणीही चित्रांनीच भागवली. राजवाड्याच्या प्लंबरला तिशियनची सेंट मार्गारेट मिळाली!

आधी मी हसलो. मग आठवलं, आदल्या दिवाळीत आजोबांच्या घराच्या वाटणीसाठी अशीच यादी मीच केली होती. एक्सेलमध्ये. सागवानी कपाट, तांब्याचा बंब, पितळी समया, पुढे भंगारवाल्याने सांगितलेला भाव. आजी शेजारी बसून वस्तू सांगत होती, मी टाईप करत होतो. बंब आला तेव्हा ती म्हणाली, "हा माझ्या माहेरचा रे." मी ऐकलं आणि पुढच्या ओळीवर गेलो. त्यासाठी कॉलमच नव्हता ना!

बाहेर आल्यावर काकांना फोन केला. बंब अजून गेलेला नाही, पण भाव ठरलाय म्हणाले. तेवढे पैसे मी भरतो म्हटलं, तर काका जरा रागावलेच. त्या रात्री आजीशी बोलायचं ठरवलं.