सुभेदार रामजी



आज तुम्हांला एका सैनिकाची गोष्ट सांगतो. त्यांचे नाव रामजी मालोजी सकपाळ. गाव आंबडवे, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. नाव ओळखीचे वाटत नाही ना? डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे हे वडील. मुलगा एवढा मोठा झाला की बाप त्याच्या सावलीत राहिला. म्हणून आज बापाविषयी बोलू.

तेव्हा राज्य इंग्रजांचे होते. महार समाजाला गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती, देवळात नव्हती. पलटणीत मात्र होती. रामजींचे वडील मालोजी हेही पलटणीतच होते. तिथे एक गोष्ट फार चांगली होती. शिपायाला शिकावे लागे. त्याच्या मुलांना शिकावे लागे, मुलींनासुद्धा! रामजी तिथे शिकले आणि शिकून मास्तर झाले. चौदा वर्षे ते पलटणीच्या शाळेचे हेडमास्तर होते. पुढे सुभेदार झाले. मी जन्मभर मास्तरकी केली. म्हणून मला सुभेदारापेक्षा हा हेडमास्तर जास्त जवळचा वाटतो. असो.

१८९१ साली महूच्या छावणीत त्यांना चौदावे मूल झाले. तेच भीमराव. पुढच्याच वर्षाच्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. रामजींची स्वतःची नोकरी पुरी होत आली होती. त्यांचे काही अडले नव्हते. पण पुढच्या पोरांचे काय? भरती गेली की पगार गेला, आणि शाळाही गेली. रामजी न्यायमूर्ती रानडे यांच्याकडे गेले. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सरकारला अर्ज करण्यासाठी त्यांनी रानड्यांची मदत घेतली. तेव्हा सरकारने ऐकले नाही.

पेन्शन झाल्यावर ते दापोलीस राहिले, मग साताऱ्यास. साताऱ्यात पत्नी भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते.

पुढे रामजींना खटाव तालुक्यात गोरेगावला कॅशियरची नोकरी लागली. तिथे दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता. १९०१ साली त्यांनी मुलांना सुटीत भेटीला बोलावले. पोरे नवे कपडे, नव्या टोप्या घालून आगगाडीने मसूर स्टेशनला उतरली. घ्यायला कोणी नाही! येत असल्याचे पत्र नोकराला मिळाले होते, पण ते मालकाला द्यायचे तो विसरला. पोरांची जात कळली तेव्हा एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी एकजण दुप्पट भाडे घेऊन तयार झाला. गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार! रात्रभर पोरांना कोणी पाणी दिले नाही. बरोबर खाणे होते, पण पाण्यावाचून ते घशाखाली उतरेना. सुभेदाराची पोरे ही, बरं का.

रामजी कबीरपंथी होते. दारू नाही, मांस नाही. मुलांनी रोज रात्री रामायण-महाभारत वाचून दाखवायचे, असा घरात दंडक होता. एकदा भीमरावांनी विचारले, “ज्या पोथ्यांत आपल्याला हलके मानले आहे, त्या आपण का वाचायच्या?” बाप आधी रागावला. शिस्तीचा माणूस! पण पुढे त्यांनी कारण सांगितले. आपण हलके आहोत असे पोरांच्या मनात बसू नये, म्हणून त्या वाचायच्या. कर्ण पाहा, वाल्मीकी पाहा, लहान घरची माणसे किती उंच चढली! मुलाचे या उत्तराने समाधान झाले नाही. त्याने पुढे वेगळी वाट धरली. तरी मला दोघेही पटतात.

मग मुंबई. परळच्या चाळीत एकच खोली. तिथेच चूल, तिथेच जाते, तिथेच बकरी. अभ्यास करायचा कुठे? रामजींनी पलटणीसारखा पहारा लावला. भीमरावांनी संध्याकाळी लवकर निजायचे. बापाने रात्री दोनपर्यंत जागायचे, पोराला उठवायचे, आणि मग स्वतः आडवे व्हायचे.

मुलगा पुस्तक मागे आणि घरात पैसा नसे. मग हा म्हातारा सुभेदार लग्न झालेल्या धाकट्या मुलीच्या दारी जाई. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. तिचा दागिना मागून घ्यायचा, गहाण टाकायचा, पुस्तक आणायचे. पेन्शन आली की सोडवून परत द्यायचा. पुस्तकाचे नाव सगळे घेतात, पण त्या लेकींनी अंगावरचा दागिना उतरवून दिला, हे विसरू नका.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, मग बी. ए. झाले. १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याला नोकरीस गेले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. ते निघाले. वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून सुरतेला उतरले, तेवढ्यात गाडी सुटली. घरी पोचायला दुसरा दिवस उजाडला.

रामजी वाट पाहत होते. बोलणे जवळजवळ बंद झाले होते. मुलगा जवळ बसला. बापाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. थोड्या वेळाने प्राण गेला. तो दिवस होता २ फेब्रुवारी १९१३.