सीमेपलीकडचा ‘ळ’
पांढुर्णा-सौंसरच्या मराठी माणसाने गाव सोडले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. कचेरीतून मराठी गेली, माजघरात मात्र टिकली. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. कचेरीची भाषा हिंदीच राहिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. हिंदी वृत्तपत्र ‘पोला’ छापते, आजी ‘पोळा’च म्हणते. लिपी एकच, म्हणून हिंदी शाळेत शिकलेला नातूही ग्रंथालयातले मराठी पुस्तक उघडू शकतो. शब्द अडतात, तेही फार नाहीत; अक्षर अडते ते ‘ळ’. ते त्याच्या जिभेवर बसवायला आजीला एक दुपार पुरते. पुस्तक तेवढे घरी न्यायला हवे.