बिऱ्हाड पाठीवर

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे थोड्या उपहासानेंच वापरली जाते. ज्याला स्थिर ठाव नाहीं, त्याच्याविषयीं ती बोलली जाते. परंतु अलीकडे ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील कांहीं नोकरदार दांपत्यें आपण होऊन बिऱ्हाड पाठीवर घेतात, आणि दोन पिशव्या, बेताचा पैसा व दोन-तीन आठवड्यांची रजा एवढ्या सामग्रीवर थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम या देशांची वाट धरतात. घरांतील वडील मंडळी विचारतात, "घराचे हप्ते फिटावयाचे असतां ही उधळपट्टी कशासाठीं?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर मात्र प्रवास कोठें केला यापेक्षां तो कसा केला, यावर अवलंबून आहे.

समुद्रापलीकडे दृष्टि टाकणें या भागाला नवें नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' नामक ग्रीक ग्रंथांत कल्याण बंदराचा उल्लेख आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. पूर्वेकडील देशांना आपले प्राचीन ग्रंथकार सुवर्णभूमि म्हणत. तेंच नांव २००६ सालीं सुरू झालेल्या बँकॉकच्या विमानतळानें धारण केलें असून, तेथें समुद्रमंथनाचें भव्य शिल्प उभें आहे. कंबोडियांतील अंकोरवाट या बाराव्या शतकांतील मंदिराच्या भिंतीवरही तेंच मंथन कोरलेलें आहे. बँकॉकच्या राजवाड्यालगतच्या मंदिरांत रामकथेचीं चित्रें आहेत. जुनी राजधानी अयुथ्या हिचें नांवच अयोध्येवरून पडलें. १७६७ सालीं ब्रह्मी सैन्यानें ती उद्ध्वस्त केली. तिचे भग्न अवशेष पाहतांना वसईचा किल्ला पाहिलेल्या माणसाला फारसें समजावून सांगावें लागत नाहीं.

आतां खर्चाचा विचार. अशा प्रवासांत विमानाचें भाडें हा मोठा व ठराविक भाग. म्हणून चार देशांना ओझरता स्पर्श करण्यापेक्षां एक-दोन देशांत अधिक दिवस राहणें हितावह. दर दिवसाचा खर्च त्यामुळें उतरतो. स्वस्त विमानकंपन्या हातांतील सामानाला बहुधा सुमारें ७ किलोंची मर्यादा घालतात. तेवढ्यांत संसार बसविणें हीच पहिली परीक्षा. बँकॉकहून चिआंग माई सुमारें ७५० किलोमीटर. रात्रीच्या आगगाडीनें गेल्यास एका रात्रीच्या मुक्कामाचें भाडें वांचतें. मात्र जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जुन्या हुआ लाम्फोंग स्थानकाऐवजीं नव्या मध्यवर्ती स्थानकावरून सुटतात, हें तिकिटावर पाहून घ्यावें. व्हिएतनामच्या चलनांत वीस हजारांची व पांच लाखांची, अशा दोन्ही नोटा निळसर आहेत. घाईनें दिलेली एक नोट आठवड्याची काटकसर बुडवूं शकते.

ऋतूचाही हिशेब हवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तर थायलंडांत सुखाचा. पुढें मार्च-एप्रिलांत रानें व शेतें जाळल्याच्या धुरानें तेथील हवा कोंदते. दिवाळीच्या सुट्टींत मध्य व्हिएतनामांत मुसळधार पाऊस असतो.

शाकाहारी कुटुंबांना भोजनाची धास्ती वाटते. ती अगदींच निराधार नाहीं, कारण माशांचा आंबविलेला रस दोन्ही देशांत भाजीच्या पदार्थांतही पडतो. परंतु थायलंडांत 'जे' आणि व्हिएतनामांत 'चाय' हा शब्द उच्चारला म्हणजे काम भागतें. 'चाय' म्हणजे तेथें चहा नव्हे, तर शाकाहार! चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशीं तेथील अनेक लोक शाकाहाराचें व्रत पाळतात. आपल्या एकादशीची आठवण व्हावी, असाच हा प्रकार आहे.

डोंगरांचीही ओळख निघते. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं माथेरान उजेडांत आणलें आणि १९०७ सालीं नेरळहून तेथें छोटी आगगाडी चढूं लागली. व्हिएतनामांतील डालाट याची कथा तशीच. १८९३ सालीं डॉक्टर येर्सें त्या पठारावर पोंचले. पुढें फ्रेंचांनीं तेथें थंड हवेचें ठाणें वसविलें, आणि १९३२ सालीं दांतेरी रुळांची आगगाडी वर नेली. युद्धकाळांत ती बंद पडली. आज तिचा सुमारें सात किलोमीटरांचा तुकडा तेवढा प्रवाशांसाठीं चालतो. हेच येर्सें १८९४ सालीं प्लेगच्या जंतूचा शोध लावणारे. दोनच वर्षांनीं त्या प्लेगानें मुंबईंत हाहाकार उडविला. थायलंडांतील दोई इंथानोन २५६५ मीटर उंच आहे, आपलें कळसूबाई १६४६. ज्यांनीं माहुली आणि मलंगगड पायांखालीं घातले आहेत, त्यांचे गुडघे तेथें सहसा कुरकुरत नाहींत.

येथेंच खरी कसोटी लागते. उत्तर व्हिएतनामांतील सापा या डोंगराळ गांवीं हमोंग स्त्रिया निळीनें रंगविलेलें कापड विकावयास येतात. भातशेतीच्या पायऱ्या राबून झाल्यावर त्यांनीं तें विणलेलें असतें. विमानाचें भाडें मुकाट्यानें भरणारा प्रवासी त्या बाईशीं चार पैशांकरितां अर्धा तास हुज्जत घालूं लागला, तर ती काटकसर नव्हे, कृपणता होय. काटकसर स्वतःच्या सुखांत करावयाची असते, दुसऱ्याच्या मजुरींत नव्हे. गाडींत लांकडी बांक पत्करावा, धर्मशाळेसारख्या सामायिक खोलींत निजावें. पण श्रमाचें मोल पुरतें द्यावें. तसेंच विमा व औषधें यांत हात आखडूं नये. परवाना नसतां भाड्याची दुचाकी चालविली आणि अपघात झाला, तर विम्याची भरपाई नाकारली जाण्याचा संभव असतो, आणि मग सगळी बचत एका इस्पितळांत संपते.

दांपत्याच्या दृष्टीनें यांत आणखी एक लाभ आहे. कल्याणांत जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ सालीं वैद्यकी शिकण्यासाठीं अमेरिकेस निघाल्या, तेव्हां पति मागें राहिले होते. पुढें कित्येक पिढ्या सामान्य गृहिणीच्या वांट्याला आली ती काशीयात्रा, तीही उतारवयांत. आज पतिपत्नी बरोबरीनें निघतात. नकाशा एकानें वाचावा, जमाखर्च दुसऱ्यानें लिहावा, दुसऱ्या दिवशीं कामें पालटावीं. चुकलेल्या गाडीचा दोष कोणावर ढकलावयाचा नाहीं, हें परक्या स्थानकावर जें शिकावें लागतें, तें घरीं परतल्यावरही उपयोगी पडतें.

तेव्हां वडील मंडळींच्या प्रश्नाचें उत्तर असें: हप्ता थकवून किंवा कर्ज काढून केलेला प्रवास ही उधळपट्टीच. वर्षभर थोडें थोडें बाजूला टाकून, पूर्ण हिशेब ठेवून आणि यजमानांचा मान राखून केलेला प्रवास मात्र खर्चाच्या वहींत विद्येच्या रकान्यांत लिहावा. परतल्यावर ती वही वडिलांपुढें उघडी ठेवावी. पुढच्या खेपेस कदाचित् तेच विचारतील, "आम्हांला न्याल काय?"