साठीचे वेतन : मॉरिशसचा हिशेब
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आम्ही अर्थशास्त्रज्ञ नव्हे. जन्मभर मुलांस अंकगणित शिकविले, तेवढ्याच शिदोरीवर आज बोलत आहो. एकोणिसाव्या शतकात कोकणातील कित्येक कुटुंबे उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी मॉरिशसला गेली व तेथेच रुजली. त्या बेटाच्या तिजोरीचा हिशेब आपणांपुढे मांडावयाचा आहे.

१९६१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात प्रा. जेम्स मीड यांनी मोठी चिंता व्यक्त केली होती. हिवताप हटला, मृत्यू घटले, लोकसंख्या भराभर वाढू लागली. एकट्या उसावर इतक्या हातांस काम कोठून मिळणार? चिंता रास्तच होती. परंतु १९७० मध्ये निर्यात उद्योगांस करसवलती देणारा कायदा झाला, तयार कपड्यांचे कारखाने निघाले, आणि ज्या स्त्रियांनी कधी पगार पाहिला नव्हता त्या हजारोंनी कामास लागल्या. घरोघरी मुलेही कमी झाली. आज त्याच कारखान्यांसाठी बांगलादेशातून कामगार आणावे लागतात!

आता वृद्धांकडे वळू. तेथे १९५० पासून सरकारी वार्धक्यवेतन आहे. पुढे ते साठी गाठलेल्या सर्वांस, गरीब-श्रीमंत न पाहता, मिळू लागले. २००४ मध्ये श्रीमंतांस वगळण्याचा यत्न झाला. २००५ च्या निवडणुकीनंतर तो मागे घेतला गेला. (मतपेटीपुढे अंकगणित चालत नाही, हा अनुभव आपणांसही नवा नाही.) २०२० मध्ये दरमहा ९,००० असलेले वेतन २०२५ मध्ये १५,००० मॉरिशस रुपये झाले. यासाठी साठविलेला निधी नाही. चालू करांतूनच ते द्यावयाचे. म्हणजे आजच्या कमावत्याने आजच्या वृद्धास पोसावयाचे, आणि कमावते तर घटत चाललेले. २०२५ च्या मध्यास सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ९० टक्क्यांवर गेले, तेव्हा सरकारने वेतनाचे वय साठावरून टप्प्याटप्प्याने पासष्टावर नेण्याचे जाहीर केले. लोक रस्त्यावर उतरले. मग अल्प उत्पन्नवाल्यांस मधल्या वर्षांत साहाय्य देण्याचे ठरले.

बेरीज सरकारच्या बाजूची आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण वयाऐवजी श्रमाची वर्षे मोजावयास हवी होती. चौदाव्या वर्षी कोयता हाती घेणाऱ्याची साठीस सेहेचाळीस वर्षे भरतात; पंचविशीत कचेरीत शिरलेल्याची पासष्टीलाही चाळीसच.