दारातली जुनी मोटार



वस्तू जुनी झाली की तिचे मोल उतरते, हा बाजाराचा सर्वसाधारण नियम आहे. मोटारगाडीही या नियमाला अपवाद नाही. तथापि, पुष्कळ वर्षे तग धरून राहिलेल्या काही गाड्यांचे मोल एका मर्यादेनंतर पुन्हा चढू लागते. मग एके दिवशी परदेशातून कोणा शौकिनाची विचारणा येते, छायाचित्रे मागविली जातात, आकडा कळविला जातो. आणि ज्या घराने गाडी विकण्याचा विचार कधी मनातही आणला नव्हता, त्या घरापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो.

गोव्यात हा प्रश्न विशेषेकरून संभवतो. त्याचे कारण इतिहासात आहे. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने देशी मोटार-उद्योगाला संरक्षण दिले आणि परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध घातले. नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ साली मुंबईतील आपला कारखाना बंद केला. पुढे कितीतरी वर्षे सामान्य भारतीयाला अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड यांतूनच निवड करावी लागे. गोवा त्या वेळी पोर्तुगिजांच्या सत्तेखाली असल्यामुळे तेथे हे निर्बंध लागू नव्हते. खनिजाच्या निर्यातीतून पैसाही येत होता. त्यामुळे १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा तेथील रस्त्यांवर मर्सिडीजसारख्या गाड्या सहज दिसत. त्यांतील काहींनी पुढे टॅक्सी म्हणूनही दीर्घकाळ सेवा केली.

या गाड्यांपैकी मर्सिडीज १८० ही एक. तिचे उत्पादन १९५३ ते १९६२ या काळात झाले. डिझेलवर चालणारी १८० डी १९५४ साली आली. तिचे इंजिन १,७६७ घनसेंटिमीटरचे, आणि आरंभी शक्ती अवघी चाळीस अश्वांची. वेग बेताचा, पण चिकाटी विलक्षण. मात्र या गाडीचा एक विशेष लक्षात ठेवला पाहिजे. जुन्या गाड्यांप्रमाणे हिचे शरीर वेगळ्या चासीवर बसविलेले नाही. शरीर हाच तिचा सांगाडा. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत दारांखालचा पत्रा गंजला, तर केवळ शोभा जात नाही, गाडीचा आधारच खचतो.

अशी गाडी बाळगणाऱ्या एका घराची कल्पना करावी. वडिलांनी ती घेतली. मुलींची लग्ने झाली तेव्हा नवरी याच गाडीतून चर्चला गेली. नातवंडांचा बाप्तिस्मा झाला, तोही याच गाडीने नेऊन. मध्यरात्री आजाऱ्याला इस्पितळात पोहोचविले, ते केवळ स्वतःच्याच घरच्यांना नव्हे. आता थोरला भाऊ सत्तरीचा आहे, मुले परदेशी आहेत, आणि जर्मनीतील एका ग्राहकाने चांगली किंमत देऊ केली आहे.

“दादा, गाडी चालणार असेल तर अवश्य ठेवा,” धाकटा म्हणतो, “पण ती नुसती उभी राहून गंजणार असेल, तर ते पाहत बसण्यात कसले प्रेम?”

“बाबांची गाडी परक्याला देऊन त्या पैशांत घराची कौले परतायची?” थोरला विचारतो.

दोघांचेही म्हणणे खोटे नाही. पावसाळ्यात घर गळते, हेही तितकेच खरे.

ग्राहक इतकी किंमत का देतो, हे प्रथम समजून घ्यावे. युरोपीय संघात तीस वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि उत्पादन बंद झालेली गाडी संग्राह्य वस्तू गणली जाऊ शकते. तशी गणली गेल्यास तिच्यावर आयातशुल्क पडत नाही. जर्मनीत अशा गाड्यांना १९९७ पासून ऐतिहासिक वाहनाची खास पाटीही मिळते. तेव्हा ग्राहकाचे गणित पक्के असते. विकणाऱ्याचेही तसेच असावे.

कायद्याचाही विचार हवा. १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या मोटारी आपल्या निर्यात-धोरणात निर्बंधित सूचीत घातलेल्या आहेत. त्या परवान्यावाचून बाहेर नेता येत नाहीत. १८० डी त्यानंतरची, म्हणून तिची वाट तुलनेने मोकळी. तरीही नोंदणी-पुस्तकात अद्याप वडिलांचेच नाव असेल, तर आधी सर्व वारसांची संमती घेऊन ते नाव बदलून घ्यावे लागते. अनेक घरांतील वाद येथेच उघडे पडतात. गाडी ठेवायचीच असेल, तर २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या मूळ स्वरूपातील गाडीला ‘व्हीए’ या अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, नूतनीकरणाचे पाच हजार. मात्र अशी गाडी धंद्यासाठी वा नित्याच्या रहदारीसाठी वापरता येत नाही.

गेलेली गाडी परत येते का? राजकोट संस्थानची १९३४ सालची ‘स्टार ऑफ इंडिया’ ही रोल्स-रॉइस १९६० च्या दशकात परदेशी गेली आणि कित्येक दशकांनंतर त्याच घराण्याने ती परत मिळविली. परंतु राजघराण्याला जे साधले, ते निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला साधणारे नाही. सामान्य घराने विकली, ती कायमचीच विकली असे समजावे. उलटपक्षी, कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक आजही दसऱ्याला बाहेर निघते आणि लोक तिला पाहायला उभे राहतात. जी गाडी वर्षातून एकदा तरी लोकांत येते, तिला ठेवण्यात अर्थ राहतो.

म्हणून किंमत ठरविण्यापूर्वी घरातील मंडळींनी एकत्र बसून एवढे पाहावे: पुढील दहा वर्षे ही गाडी कोण चालवील, कोणता मेस्त्री तिला हात लावील, आणि त्याचा खर्च कोण सोशील? घरात वा शेजारात एखादा तरुण हे ओझे आनंदाने उचलणार असेल, तर थोड्या कमी पैशांतही गाडी त्याच्या हाती द्यावी. तो नसेल, तर देशातील संग्राहकांना विचारावे. तेही नसतील, तर परदेशी ग्राहकाला विकण्यात कमीपणा नाही. मात्र गंज लपवू नये, पैसे बँकेतून रीतसर आल्यावाचून गाडी बंदरावर पाठवू नये, आणि जुनी कागदपत्रे व लग्नांतील छायाचित्रांच्या प्रती गाडीबरोबर द्याव्यात. पलीकडच्या माणसाला नुसते यंत्र मिळू नये. ते कोणाच्या दारात उभे होते, हेही त्याला कळावे.

वडिलांची आठवण राखणे हे मुलांचे कर्तव्य खरेच. पण गळक्या छपराखाली गंजत राहिलेल्या पत्र्यात ती राहत नाही. ज्याने रात्री-अपरात्री शेजाऱ्याच्या आजाऱ्याला गाडीत घातले, त्याची आठवण गाडी गेल्यावरही गावात राहते.