स्वस्त गिटार आणि शेजारचा बेंजो



गेल्या ज्येष्ठांत माझा नातू दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि पूर्वीं दिलेल्या वचनाप्रमाणें त्यानें मजजवळ विजेवर वाजणारी गिटार मागितली. वचन देतांना मुलगा फार तर मनगटी घड्याळ मागेल अशी माझी समजूत होती. मीं जन्मभर शाळेंत व्याकरण आणि अंकगणित शिकविलें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि संगीताशीं संबंध म्हणाल तर प्रार्थनेच्या वेळीं पेटीवर सूर धरण्यापुरता. तेव्हां आज मी जें सांगणार आहें तें एका अडाण्यानें ठेंचा खाऊन मिळविलेलें ज्ञान आहे, असें समजून ऐकावें.

आम्ही राहतों शीव कोळीवाड्यांत. ज्या स्थानकाला पूर्वीं कोळीवाडा म्हणत आणि आतां गुरु तेगबहादूर नगर म्हणतात, तेथून आमचें घर पायीं दहा मिनिटांवर. आमच्या गल्लींत हळदीच्या रात्रीं बेंजो वाजला नाहीं तर हळद लागली असें कोणी मानीत नाहीं. हा बेंजो म्हणजे अमेरिकेंतील कातड्यानें मढविलेलें वाद्य नव्हे. जपानांत नागोया शहरीं गोरो मोरिता नांवाच्या गृहस्थानें १९१२ सालीं तारांवर टंकयंत्रासारख्या कळा बसवून तायशोगोतो नांवाचें वाद्य केलें. त्याचेंच हें हिंदुस्थानी भावंड, म्हणजे बुलबुलतरंग. मुंबईच्या वादकांनीं त्याला पिक-अप जोडून तें लग्नांत आणि गणपतीच्या मिरवणुकींत आणलें. असें असूनही आमच्या घरांत बेंजो म्हणजे गोंगाट आणि गिटार म्हणजे कला, अशी वाटणी होती. ती मीच केली होती, हें कबूल केलें पाहिजे.

धोबी तलावाकडच्या दुकानांतून आम्ही दोन दिवस हिंडलों. नव्या गिटारींच्या किंमती ऐकून माझा निवृत्तिवेतनाचा हिशेब कोलमडला, आणि अखेर एका गृहस्थाकडून एक वापरलेली गिटार साडेसहा हजार रुपयांस घेतली. सोबत एक जुना ॲम्प्लिफायरही मिळाला. “नुसत्या तारा बदला, बाकी कांहीं पाहावें लागणार नाहीं,” असें विकणारा म्हणाला होता. घरीं येऊन पाहतों तों तारा इतक्या उंच कीं मुलाचीं बोटें तासाभरांत सोलून निघालीं. वरच्या पडद्यांवर सूर बेसूर. आणि ॲम्प्लिफायर लावतांच भुंग्यासारखी अखंड गुणगुण.

घेतांना काय पाहावें हें मला नंतर समजलें. गिटारची मान डोळ्याशीं धरून, बंदुकीच्या नळीवरून पाहावें तसें पाहावें. मान पिळलेली असेल तर तें वाद्य तेथेंच ठेवावें. थोडी वांकलेली असेल तर चिंता नाहीं. मानेच्या पोटांत लोखंडी सळई असते व तिची किल्ली पाव फेरा फिरविली कीं बांक कमीअधिक होतो. मग बाराव्या पडद्यावर तार दाबून वाजवावी. तेथें तारेची लांबी निम्मी होते, म्हणून मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकांत निघाला पाहिजे. तो चढा निघाला तर घोडीवरचा छोटा स्क्रू फिरवून तार किंचित् लांब करावी, उतरता निघाला तर आंखूड. लोक रंगाला आणि नांवाला पैसे मोजतात. बोटांना सुख मिळतें तें या बारीकसारीक मांडणीनें.

पलीकडच्या गल्लींत एक बेंजोवादक राहतो. तो माझा जुना विद्यार्थी. अंकगणितांत तो नेहमीं नापास होई आणि मीं त्याला शेवटच्या बांकावर बसविलें होतें. मला तें आठवतें, त्यालाही आठवत असावें. नातवानें परस्पर त्यालाच बोलावून आणलें. त्यानें तारा छेडल्या, मग तळवा तारांवर ठेवून कान दिला. “गुरुजी, हात लावला तरी गुणगुण कमी होत नाहीं. घोडीची अर्थिंगची तार सुटली असणार.” झांकण उघडलें तों खरोखरच तार लोंबत होती.

येथें थोडें विज्ञान सांगणें प्राप्त आहे. पिक-अप म्हणजे चुंबक आणि त्याभोंवतीं केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारों वेढे. वरची पोलादी तार कांपली कीं वेढ्यांत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलें तेंच हें तत्त्व. मात्र हे वेढे घरांतील विजेचीं सेकंदास पन्नास आवर्तनेंही टिपतात, आणि तीच ती गुणगुण. त्यानें सुटलेल्या तारेस डाख दिला, पोकळीला आंतून तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून तोही अर्थिंगला जोडला. माथ्याकडील पट्टीच्या खांचा बारीक कानशीनें उतरविल्या. केसभर जास्त उतरल्या तर पट्टी फुकट जाते, म्हणून या कामास त्यानें एक सबंध दुपार घेतली. नातवाला नवे पिक-अप हवे होते, चार हजारांचे. तो म्हणाला, “आहेत ते आधीं खालींवर करून बघ.” स्क्रूचे दोन फेरे, आणि आवाजांतला कर्कशपणा गेला.

मग त्यानें ॲम्प्लिफायरचा प्लग हातांत घेतला आणि तो एकाएकीं गप्प झाला. गुणगुण थांबावी म्हणून पूर्वीच्या मालकानें तिसरी पिन मोडून टाकली होती. घोडीची तार जोडल्यामुळें आतां गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या लोखंडी सांगाड्याशीं थेट जोडल्या गेल्या होत्या. आंत कोठें दोष झाला आणि अर्थिंग नसलें, तर वीज जमिनींत जाण्यास वाट शोधते ती वाजविणाऱ्याच्या देहांतून. १९७२ सालीं स्वान्सी येथें लेस्ली हार्वे नांवाचा तरुण गिटारवादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच मरण पावला. आमच्या वादकाला हें नांव ठाऊक नव्हतें. पण पावसांतल्या एका मिरवणुकींत सोबत्याचा हात तारांना चिकटलेला त्यानें पाहिला होता. त्यानें दिवा लावून आमच्या भिंतींतील सॉकेट तपासलें. तेथें तीन भोंकें होतीं, तिसऱ्यामागें तारच नव्हती. “जोंवर हें होत नाहीं, तोंवर वाजवायचें नाहीं,” असें त्यानें नातवाला बजावलें. मुलानें माझ्याकडे पाहिलें. मीं मान खालीं घातली, कारण त्या घरांत मी तीस वर्षें इस्त्री वापरीत आहें.

आठ दिवस गिटार भिंतीला टेंकून उभी होती. परवानाधारक वायरमननें मीटरपासून अर्थिंगची तार आणली, गळती होतांच वीज तोडणारा स्विच बसविला, नवा प्लग लावला. वाद्याच्या दुरुस्तीस आठशें रुपये लागले, भिंतीच्या दुरुस्तीस अडीच हजार.

सूनबाईंना हें वाद्य अजून परकें वाटतें. मीं त्यांना सांगितलें कीं ब्रिजभूषण काबरा यांनीं गिटारवर राग वाजविले, आणि विश्वमोहन भट यांनीं तिला जादा तारा जोडून मोहनवीणा केली, जिच्या वादनास १९९४ सालीं ग्रॅमी पारितोषिक लाभलें. त्यांचें समाधान झालेलें दिसलें नाहीं.

बेंजोवाल्यानें मजुरी घेतली नाहीं. मार्गशीर्षांत त्याच्या भाचीची हळद आहे. त्या रात्रीं मुलानें आपल्या शेजारीं बसून साथ करावी, एवढेंच त्याचें मागणें. नातू रोज त्या चालींचा सराव करतो आहे. सूनबाई म्हणतात, अकरावीचें वर्ष आहे. उद्यां जेवणानंतर मी पुन्हां विषय काढणार आहें.