कापडाचे पंख आणि तिमोर बेट

गटाच्या बैठकीत हप्ते आणि हिशेब नेहमीच होतात, आज जरा लांब जाऊ या. आज ॲमी जॉन्सन या मुलीबद्दल बोलायचं आम्ही ठरवलं आहे. १९३० साली, वय २६ असताना, ती एका छोट्या विमानात बसून एकटी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघाली. वाटेत तिमोर नावाच्या दूरच्या बेटावर तिला रात्र काढावी लागली.

इंग्लंडमधलं हल हे बंदराचं गाव. तिथे तिच्या वडिलांचा मासळीचा व्यापार होता. मुलगी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाली, म्हणजे तशी आमच्यातलीच म्हणायची! पुढे लंडनला एका वकिलाच्या कचेरीत टायपिंगचं काम करायला लागली. सुट्टीच्या वेळात विमानांच्या क्लबात जायची. तिथे ती नुसतं उडवायला शिकली नाही. हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवतात त्या शेडमध्ये, तेलानं काळे झालेले हात घेऊन इंजिन उघडायला, साफ करायला, परत जोडायला शिकली. १९२९ साली तिला विमान दुरुस्तीचा परवाना मिळाला. ब्रिटनमध्ये हा परवाना मिळवणारी ती पहिली बाई.

आम्ही ही गोष्ट गटात सांगितली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "घरच्यांनी सोडली कशी?" सोडली, आणि पैसेही दिले. विमानाची किंमत होती ६०० पौंड. कित्येकांनी मदतीला नकार दिला. शेवटी निम्मे वडिलांनी घातले आणि बाकीचे तेलाच्या धंद्यातल्या एका उमरावानं. वडिलांच्या मासळीच्या मालावर ‘जेसन’ हा छाप असायचा, तेच नाव तिनं विमानाला दिलं.

आता हे विमान कसलं, ते ऐका. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, वर रोगण. एकावर एक असे दोन पंख. बसायची जागा उघडी, डोक्यावर छप्पर नाही. बोलायला रेडिओ नाही. दुसऱ्या माणसाच्या जागी पेट्रोलची जादा टाकी, आणि त्यातलं पेट्रोल उडता उडता हातपंपानं वर चढवायचं. आणि तिचा अनुभव? सगळा मिळून शंभर तासांहून कमी. तोवरचा सर्वांत लांबचा प्रवास लंडन ते हल, आपल्याकडे पुण्याहून औरंगाबाद जेवढं, साधारण तेवढा. आम्हाला विचाराल तर हा वेडेपणाच होता. पण इंजिनाचा प्रत्येक नट तिच्या ओळखीचा होता, हेही तितकंच खरं.

५ मे १९३० ला ती निघाली. वाळवंटात वादळानं खाली उतरवलं, तरी सहाव्या दिवशी कराचीला पोचली. त्याआधी एका पुरुष वैमानिकानं हा प्रवास १५ दिवसांत केला होता. कराचीपर्यंत ती त्याच्या दोन दिवस पुढे होती. पुढे पेट्रोल संपत आलं म्हणून आपल्या झाशीला उतरावं लागलं, तेही पलटणीच्या कवायतीच्या मैदानावर. बराकींमध्ये घुसून पंख मोडला. रातोरात तिथल्या लोकांनी तो सांधून दिला.

ब्रह्मदेशात रंगूनजवळ मात्र मोठा घोटाळा झाला. पावसात विमानतळ सापडेना. तंत्रशाळेच्या मैदानावर उतरली आणि विमान नाक खुपसून खड्ड्यात गेलं. पंखा तुटला, चाकं मोडली, पंखांच्या चिंध्या झाल्या. जादा पंखा तिनं विमानाला बांधून आणला होता, पण कापड? तर महायुद्धातलं उरलेलं विमानाचं कापड तिथल्या लोकांनी घेऊन त्याचे शर्ट शिवले होते. ते शर्ट उसवले आणि पंखांना लावले. आपण जुन्या लुगड्याची गोधडी करतो, इथे शर्टाचं परत विमान झालं. यात तीनेक दिवस गेले आणि विक्रमाची आशा सुटली. ती मागे फिरली नाही.

इथे जरा थांबून आपल्या घरचं बोलतो. आपल्या गटांनी कर्ज काढून मिरची कांडप यंत्रं घेतली. पट्टा तुटला की तालुक्याच्या माणसाची वाट बघत चार-चार दिवस यंत्र बंद. मिरची पडून राहते, बँकेचा हप्ता काही थांबत नाही. पट्टा बदलायला, ग्रीस भरायला आपल्यातल्या दोघीजणी तरी शिकल्या पाहिजेत, असा आमचा आग्रह आहे. असो.

जावा बेटावर ऊसमळ्यात उतरताना बांबूचे खुंट पंखांत घुसले. तिथे तर जखमेवर लावायची चिकटपट्टी लावून भोकं बुजवली! मग हजार किलोमीटरहून जास्त उडून तिमोरला पोचेतो सांज झाली. विमानतळ दिसेना. वारुळांनी भरलेल्या एका माळावर तिनं विमान टेकवलं. भाले-सुरे घेतलेली माणसं धावत आली. भाषा कुणालाच कुणाची कळेना. बोलण्यात ‘पास्तर’ असा शब्द आला, तेव्हा जवळ चर्च आहे हे तिच्या ध्यानात आलं. तीच माणसं तिला पाद्र्याकडे घेऊन गेली. त्यानं खायला दिलं, झोपायला जागा दिली. तिकडे जगभर बातमी, पोरगी हरवली.

दुसऱ्या दिवशी ती जवळच्या विमानतळावर गेली, आणि २४ मेला पुढे समुद्रावर निघाली. आठशे किलोमीटर नुसतं पाणी, खाली उतरायला चार हात जमीन नाही. इंजिन बंद पडलं असतं तर बांबू नाही, शर्ट नाही, कुणी माणूस नाही. मधोमध एक तेलवाहू जहाज तिची वाट पाहत थांबलं होतं. ती वरून गेल्याची बातमी त्यानं ऑस्ट्रेलियाला कळवली. त्याच दिवशी ती डार्विनला उतरली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटी उडत जाणारी पहिली बाई.

पुढे दुसऱ्या महायुद्धात ती कारखान्यांतून विमानं पोचवायचं काम करी. ५ जानेवारी १९४१ ला अशाच एका फेरीत तिचं विमान थेम्स नदीच्या मुखाशी पाण्यात पडलं. देह सापडला नाही. वय होतं ३७. ‘जेसन’ मात्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आजही छताला टांगलेलं आहे.